सात दिवसांचा पाऊस

एका पर्जन्यमापक केंद्रावर सोमवार ते रविवार रोज मोजलेल्या पावसाचे सात आकडे आपल्याकडे आहेत. ते एका ॲरेमध्ये ठेवायचे आणि त्यांच्यावर काम करणाऱ्या पाच मेथड लिहायच्या. एक मेथड आठवड्याचा एकूण पाऊस सांगेल, दुसरी सरासरी काढेल, तिसरी पावसाचे दिवस मोजेल, चौथी सर्वांत जास्त पाऊस कोणत्या दिवशी झाला ते शोधेल आणि पाचवी मधला आकडा, म्हणजे मध्यक, देईल. जावा नव्याने शिकणाऱ्याला, लूप आणि व्हेरिएबल समजल्यावर, करून पाहण्यासारखा हा सराव आहे. पाचही मेथड मिळून साठ-सत्तर ओळींत बसतात. पण त्या ओळी मन लावून लिहिल्या, तर प्रोग्रामिंगमधल्या एका फार मोठ्या प्रश्नाशी गाठ पडते: माहिती कोणाच्या ताब्यात आहे आणि तिला हात लावायचा अधिकार कोणाला? या प्रकरणात मला तिथपर्यंत पोचायचं आहे. पण वाटेत थांबण्यासारख्या जागा बऱ्याच आहेत.

आधी आकडे कसे साठवायचे ते ठरवू. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात आणि एका दशांश स्थळापर्यंत लिहितात. त्यामुळे अपूर्णांक साठवणारा ‘डबल’ हा प्रकार घ्यावासा वाटतो. अडचण अशी की डबल आपला आकडा द्विमान पद्धतीत साठवतो आणि ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिताच येत नाही. जावाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा, उत्तर ०.३०००००००००००००००४ असं येईल. पावसाच्या हिशेबात एवढ्या फरकानं काही बिघडत नाही, पण ‘पाऊस बरोबर २.५ मिलिमीटर आहे का’ असा प्रश्न विचारायची वेळ आली की अशा शेपट्या त्रास देतात. म्हणून मी मिलिमीटरचे दहावे भाग घेऊन पूर्णांक साठवतो. ९४.६ मिलिमीटर म्हणजे ९४६. यासाठी ‘इंट’ हा प्रकार पुरेसा आहे.

आपला आठवडा असा, आकडे सरावासाठी कल्पिलेले: सोमवारी १२, मंगळवारी ०, बुधवारी २३८, गुरुवारी ९४६, शुक्रवारी ४०, शनिवारी २४ आणि रविवारी ३१०. ॲरेचं नाव ‘पाऊस’. जावामध्ये असं नाव खरोखर देता येतं. व्हेरिएबल आणि मेथडची नावं युनिकोडमधल्या बहुतेक लिप्यांत लिहायला ही भाषा परवानगी देते, देवनागरीही त्यात आली. भाषेचे स्वतःचे राखीव शब्द आणि अंक तेवढे इंग्रजी लिपीत लिहावे लागतात. शिकताना ज्यांना इंग्रजी नावांचा अडथळा वाटतो त्यांनी ‘एकूण’, ‘सरासरी’, ‘मध्यक’ अशी नावं निःसंकोच द्यावीत. कंपायलर ती बिनतक्रार स्वीकारतो.

ॲरेमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते. सोमवार शून्याव्या जागी, रविवार सहाव्या. सात आकडे असूनही सातवी जागा नाही, आणि नवशिक्याचा पहिला प्रोग्राम बहुधा इथेच कोसळतो. शून्याचं कारण मेमरीच्या रचनेत आहे. इंट प्रकारचा प्रत्येक आकडा चार बाइट घेतो आणि ॲरेतले आकडे एकापाठोपाठ एक बसलेले असतात. इंडेक्स म्हणजे सुरुवातीच्या आकड्यापासूनचं अंतर. गुरुवारचा इंडेक्स ३, म्हणजे पहिल्या आकड्यापासून तीन घरं, बारा बाइट पुढे जायचं. सोमवारपाशी पोचायला कुठेच जावं लागत नाही, म्हणून त्याचा इंडेक्स ०. फोरट्रान या १९५७ साली आलेल्या भाषेत ॲरेची मोजणी १ पासून होई आणि गणिती लोकांना ती सोयीची वाटे. डच शास्त्रज्ञ एड्स्खर डाइकस्ट्रा यांनी १९८२ साली एक छोटं हस्तलिखित टिपण लिहून शून्याची बाजू मांडली. खालची मर्यादा धरायची आणि वरची वगळायची, ‘० पासून ७ च्या आधीपर्यंत’, असं लिहिलं की दोन मर्यादांमधला फरक हीच घटकांची संख्या होते आणि एक तुकडा संपतो त्याच आकड्याला पुढचा तुकडा सुरू होतो. मला हा युक्तिवाद मेमरीच्या युक्तिवादापेक्षा जास्त पटतो, कारण तो यंत्राच्या सोयीसाठी नाही, वाचणाऱ्या माणसाच्या सोयीसाठी आहे. लूप लिहिताना तो तसाच उतरतो: इंडेक्स शून्यापासून सुरू करायचा आणि तो ॲरेच्या लांबीपेक्षा लहान आहे तोवर चालायचं. ‘लहान किंवा समान’ असं लिहिलं की सातव्या जागेवर हात जातो.

तिथे हात गेला की जावा प्रोग्राम थांबवतो आणि ‘लांबी ७ असताना इंडेक्स ७ मर्यादेबाहेर आहे’ अशा अर्थाचा संदेश देतो. शिकणाऱ्याला हा संदेश ओरडा वाटतो. वास्तविक तो संरक्षण आहे, आणि ते मिळवायला संगणकशास्त्राला बराच काळ लागला. ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९८० च्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात एक आठवण सांगितली. १९६० च्या दशकात त्यांच्या गटानं अल्गोल भाषेचा जो कंपायलर बनवला तो प्रोग्राम चालू असताना प्रत्येक इंडेक्स तपासत असे. पुढे ग्राहकांना विचारलं की वेग वाढवण्यासाठी ही तपासणी बंद करायची सोय हवी का. त्यांनी एकमुखानं नको म्हणून सांगितलं, कारण अशा चुका किती वेळा होतात हे त्यांना कळून चुकलं होतं. सी भाषेनं वेगासाठी ही तपासणी वगळली. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मनं ज्या फटी वापरल्या, त्यांतली एक नेमकी अशीच होती: ५१२ बाइटच्या जागेत त्याहून जास्त मजकूर घुसवायचा. जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये घडवलेली जावा १९९५ साली जगापुढे आली, तेव्हा वाक्यरचना तिनं सी कडून घेतली पण इंडेक्सच्या तपासणीत होअर यांची वाट धरली. तो लाल संदेश दिसला की म्हणून वैतागू नये. त्यात ओळीचा क्रमांकही दिलेला असतो, तो वाचावा.

आता पहिली मेथड, एकूण. तिला ॲरे द्यायचा आणि तिनं एक इंट परत करायचा. आत एक बेरीज शून्यापासून सुरू होते, लूप प्रत्येक आकडा तिच्यात मिळवतं आणि शेवटी ती परत पाठवली जाते. उत्तर १५७०, म्हणजे १५७ मिलिमीटर. इतकं सोपं असलं तरी इथे एक सवय लागते, ती चांगली लागली तर पुढे फार उपयोग होतो. पुष्कळ विद्यार्थी बेरीज करून ती मेथडच्या आतच स्क्रीनवर छापतात आणि काहीच परत करत नाहीत. उत्तर दिसतं, त्यामुळे काम झालं असं वाटतं. पण पुढची मेथड सरासरीची आहे आणि तिला हीच बेरीज हवी आहे. स्क्रीनवर छापलेला आकडा माणूस वाचू शकतो, दुसरी मेथड वाचू शकत नाही. मग बेरजेचं लूप पुन्हा लिहावं लागतं. मेथडनं उत्तर शोधून परत द्यावं आणि त्याचं काय करायचं हे बोलावणाऱ्यानं ठरवावं. छापायचं काम मुख्य मेथडकडे ठेवा.

एकदा लिहिलेलं काम वारंवार बोलवायचं ही कल्पना संगणकाच्या अगदी बाल्यावस्थेतली आहे. केंब्रिज विद्यापीठातला एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये पहिल्यांदा चालला. तिथे डेव्हिड व्हीलर यांनी एक युक्ती काढली: मुख्य प्रोग्रामनं उडी मारून उपकार्यात जायचं, पण जाताना परत कुठे यायचं हे सोबत न्यायचं. त्यामुळे एकच तुकडा प्रोग्राममध्ये हव्या त्या ठिकाणाहून बोलावता येऊ लागला. मॉरिस विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली या पद्धतीवर पुस्तक काढलं आणि अशा तपासून घेतलेल्या उपकार्यांचा संग्रह कसा ठेवावा ते सांगितलं. जावात आपण मेथडच्या शेवटी उत्तर परत करण्याचा आदेश लिहितो, तेव्हा कुठे परतायचं हे आपण सांगत नाही. ती नोंद व्यवस्था स्वतः ठेवते.

सरासरीची मेथड ‘एकूण’ला बोलावते आणि आलेल्या बेरजेला ॲरेच्या लांबीनं भागते. लांबी ॲरेला विचारायची, ७ हा आकडा हातानं लिहायचा नाही. उद्या हाच प्रोग्राम तीस दिवसांच्या महिन्यावर चालवायचा असेल. भागाकारात मात्र एक खाच आहे. जावात दोन इंटचा भागाकार इंटच देतो आणि बाकी टाकून देतो. १५७० ला ७ नं भागलं की २२४ येतात, म्हणजे २२.४ मिलिमीटर, आणि इथे योगायोगानं ते बरोबर दिसतं, कारण खरं उत्तर २२४.२८ च्या आसपास आहे. रविवारी ३१० ऐवजी ३१४ असते तर बेरीज १५७४ झाली असती आणि खरं उत्तर २२४.८५, तरी जावानं २२४ च दिलं असतं. उपाय म्हणजे भागण्याच्या आधी बेरजेचं रूपांतर डबलमध्ये करणं. भागून झाल्यावर केलेलं रूपांतर निरुपयोगी, तोवर अपूर्णांक गेलेला असतो.

पावसाचे दिवस मोजायचे तर पावसाचा दिवस म्हणजे काय ते आधी ठरलं पाहिजे. भारतीय हवामान विभागाच्या हिशेबात २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडला तरच तो पावसाचा दिवस. हे २४ तास सकाळी साडेआठला संपतात, म्हणून ‘गुरुवारचा पाऊस’ यात बुधवार सकाळपासूनचा पाऊस असतो. आपल्या एककात मर्यादा २५. ती मेथडच्या पोटात नुसता २५ म्हणून न लिहिता, ‘पावसाच्या दिवसाची मर्यादा’ अशा नावाचा न बदलणारा स्थिरांक करावा. तुलना ‘मोठा किंवा समान’ अशी हवी. आपल्या आठवड्यात शनिवारी २४ आहे, तो मोजला जाणार नाही. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, रविवार धरून उत्तर ४ येतं. चाचणीसाठी शनिवारी २५ घालून पाहा, उत्तर ५ व्हायला हवं. नसेल होत, तर ‘समान’ राहून गेलं आहे.

सर्वाधिक पावसाचा दिवस शोधताना मेथडनं आकडा परत न देता इंडेक्स परत द्यावा, असं माझं ठाम मत आहे. इंडेक्स हाती असला की आकडा लगेच मिळतो. आकडा हाती असला तर दिवस पुन्हा शोधावा लागतो. पद्धत सरळ: सोमवार सर्वाधिक धरायचा, मग मंगळवारपासून प्रत्येक दिवस पाहायचा आणि आतापर्यंतच्या सर्वाधिकापेक्षा मोठा निघाला तर त्याचा इंडेक्स लक्षात ठेवायचा. काही जण सुरुवातीचं सर्वाधिक मूल्य शून्य धरतात. पावसाला ते चालून जातं, पाऊस उणे नसतो. तोच कोड लेहच्या जानेवारीतल्या किमान तापमानांवर चालवला तर सगळे आकडे शून्याखालचे, एकही ‘मोठा’ निघत नाही, आणि प्रोग्राम शून्य अंश हे कधीही न नोंदलेलं तापमान सांगून मोकळा होतो. सुरुवात नेहमी ॲरेतल्याच एखाद्या आकड्यापासून करावी. दोन दिवशी सारखाच सर्वाधिक पाऊस असेल तर ‘मोठा’ लिहिल्यास पहिला दिवस मिळतो, ‘मोठा किंवा समान’ लिहिल्यास शेवटचा. यांतलं एकही चूक नाही, पण कोणतं हवं ते ठरवून लिहावं. आपलं उत्तर इंडेक्स ३, गुरुवार, ९४.६ मिलिमीटर. हवामान विभागाच्या वर्गवारीत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, त्यात हा दिवस बसतो.

राहिला मध्यक. सरासरी एका अतिवृष्टीच्या दिवसानं ओढली जाते, मध्यक ओढला जात नाही, म्हणून तो पाहण्यासारखा. सातही आकडे चढत्या क्रमानं लावले की ०, १२, २४, ४०, २३८, ३१०, ९४६, आणि मधला ४०. सरासरी २२.४ मिलिमीटर आणि मध्यक ४ मिलिमीटर. या आठवड्याचा स्वभाव त्या दोन आकड्यांच्या अंतरात दिसतो. मेथड लिहायला दोन ओळी लागतात. जावाच्या ग्रंथालयातल्या ‘ॲरेज’ या वर्गाची ‘सॉर्ट’ ही तयार मेथड बोलवायची आणि लांबीला दोननं भागून जो इंडेक्स येईल तिथला आकडा परत द्यायचा. सातला दोननं भागून ३, बाकी गेली, आणि इथे ती जायलाच हवी होती.

प्रोग्राम चालवा. एकूण १५७०, सरासरी २२४.२८, पावसाचे दिवस ४, मध्यक ४०. मग विचारा सर्वाधिक पावसाचा दिवस. उत्तर येतं: इंडेक्स ६, रविवार.

हे चूक आहे. रविवारी ३१ मिलिमीटर पाऊस होता. आणि गंमत अशी की सर्वाधिक पावसाच्या मेथडमध्ये शोधून दोष सापडत नाही. ती एकटी चालवली तर गुरुवारच सांगते. मध्यकाच्या आधी बोलावली तरी गुरुवार, मध्यकानंतर बोलावली की रविवार. त्याहून अवघड गोष्ट ही की बाकी सगळी उत्तरं अजूनही बरोबर आहेत. मध्यकानंतर बेरीज पुन्हा मागा, १५७० च येईल. सर्वाधिक आकडा ९४६ च आहे, पावसाचे दिवसही चारच. क्रम विस्कटला तरी या उत्तरांना फरक पडत नाही, त्यामुळे ती उत्तरं सगळं ठीक असल्याची ग्वाही देत राहतात. चूक फक्त त्याच प्रश्नाला दिसते ज्याला ‘कोणता वार’ हे हवं आहे.

‘सॉर्ट’नं जो ॲरे क्रमानं लावला तो मध्यकाच्या मेथडचा स्वतःचा नव्हताच. तो मुख्य मेथडचा ॲरे होता. मेथडला इंट दिला तर त्याची प्रत जाते. आत तो दुप्पट करा, शून्य करा, बाहेरचा आकडा तसाच राहतो. ॲरे दिला तरी जावा नियम बदलत नाही, प्रतच देते. पण ॲरेच्या व्हेरिएबलमध्ये आकडे नसतातच, ते मेमरीत कुठे आहेत त्याचा संदर्भ असतो, आणि प्रत त्या संदर्भाची होते. घराची दुसरी किल्ली करून दिली तशी. किल्ल्या दोन झाल्या, घर एकच. दुसऱ्या किल्लीवाल्यानं आतलं सामान हलवलं तर ते आपल्याला हललेलं दिसणार. त्यानं आपल्या जुडग्यातून ही किल्ली काढून दुसऱ्या घराची अडकवली, तर आपल्या घराला काही होत नाही. म्हणून मेथडच्या आत ‘पाऊस’ या नावाला नवा ॲरे नेमून दिला, तर बाहेरच्यांना त्याचा पत्ता लागत नाही, आणि ॲरेतला एक आकडा बदलला तर सर्वांना लागतो. ‘जावात ॲरे संदर्भानं पाठवले जातात’ असं काही पुस्तकांत लिहिलेलं असतं. त्यानं पहिली गोष्ट कळते, दुसरी कळत नाही. जावात सगळं मूल्यानंच पाठवलं जातं आणि ॲरेच्या बाबतीत ते मूल्य म्हणजे संदर्भ, हे वाक्य लांब आहे पण त्यातून दोन्ही उलगडतात.

दुरुस्ती एका ओळीची. क्रमानं लावण्याआधी ‘क्लोन’ करून ॲरेची स्वतंत्र प्रत घ्या आणि ती लावा. सात आकड्यांची प्रत करायला लागणारा वेळ नगण्य. कोटभर आकडे असतील तर प्रतीचा खर्च जाणवेल, तेव्हा मूळ ॲरे क्रमानं लावणं परवडतं का, हा विचार जाणूनबुजून करता येईल. तो निर्णय बोलावणाऱ्याला माहीत असला पाहिजे, इतकंच. ‘मध्यक’ हे नाव वाचणारा माणूस असं गृहीत धरतो की या मेथडला प्रश्न विचारला तर उत्तर मिळेल आणि माझी माहिती होती तशी राहील. नावातून दिलेला तो शब्द मेथडनं पाळायचा असतो. ग्रंथालयातली ‘सॉर्ट’ बघा, ती काहीच परत करत नाही. ॲरे घेते आणि काही परत देत नाही, यावरूनच ओळखावं की तिचं सगळं काम त्या ॲरेवर होणार आहे. तिनं आपल्याला फसवलं नाही. आपल्या मध्यकानं फसवलं.

जावात ॲरेला ‘वाचा, बदलू नका’ अशी पाटी लावायची सोय नाही. ‘फायनल’ हा शब्द लावला तर व्हेरिएबलला दुसरा ॲरे नेमता येत नाही एवढंच, आतले आकडे मात्र कोणीही बदलू शकतो. न बदलणारी यादी हवी असेल तर ॲरे सोडून २०१७ च्या जावा ९ मध्ये आलेली ‘लिस्ट’ची ‘ऑफ’ ही मेथड वापरता येते. ॲरेपुरता विचार केला तर शिस्त लिहिणाऱ्याची.

मधल्या इंडेक्सचा विषय निघाला आहे तर एक घटना सांगायलाच हवी. क्रमानं लावलेल्या ॲरेत आकडा शोधायची द्विशोध पद्धत दर वेळी मधला आकडा पाहते आणि अर्धा भाग सोडून देते. मधला इंडेक्स काढायचा तर खालची आणि वरची मर्यादा मिळवून दोननं भागायचं. जावाच्या अधिकृत ग्रंथालयात जॉश ब्लॉक यांनी हे असंच लिहिलं होतं आणि सुमारे नऊ वर्षं ते जगभर वापरात होतं. २००६ साली ब्लॉक यांनी स्वतः जाहीरपणे लिहिलं की त्यात चूक आहे. इंटमध्ये मावणारा सर्वांत मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. ॲरे शंभर कोटींहून मोठा असेल तर दोन मर्यादांची बेरीज त्यापुढे जाऊ शकते, मग जावा काहीही न बोलता ती उणे करून टाकते आणि उणे इंडेक्सवर प्रोग्राम कोसळतो. जॉन बेंटली यांच्या १९८६ च्या गाजलेल्या पुस्तकातही हीच ओळ होती. दुरुस्ती अशी की दोन मर्यादांतला फरक काढून त्याचा निम्मा खालच्या मर्यादेत मिळवायचा. चूक लिहिली गेली तेव्हा एवढे मोठे ॲरे कोणी क्वचितच वापरत असेल. यंत्रांची मेमरी वाढत गेली आणि ओळ तीच राहिली. आपल्या मध्यकातही, दिवसांची संख्या सम असेल तर मधल्या दोन आकड्यांची बेरीज करावी लागते. पावसाला त्यात धोका नाही. पण मेथड कोणत्याही इंटच्या ॲरेसाठी म्हणून कोणाला द्यायची असेल, तर धोका आहे.

आणखी एक गोष्ट आकड्यांच्या नसण्याबद्दल. सात जागांचा नवा ॲरे मागितला की जावा सातही जागी ० भरून देते. सी भाषेत फंक्शनच्या आतल्या ॲरेत आधीचा काहीबाही मजकूर सापडू शकतो, त्यामानानं ही मोठी सोय. पण पावसाच्या बाबतीत ० ला अर्थ आहे: त्या दिवशी पाऊस पडला नाही. मंगळवारी मापक बिघडलेला होता म्हणून आकडा भरलाच नाही, तर तो दिवस कोरडा दिसेल आणि सरासरी उगाच खाली येईल. काही जण न मोजलेल्या दिवसासाठी -१ लिहितात. मग पाचही मेथडना ती खूण माहीत असावी लागते. एकीला नसली की ती बेरजेतून एक वजा करून मोकळी. इतका छोटा फरक डोळ्याला दिसत नाही. म्हणून मी -१ पेक्षा -९९९९ सारखी खूण पसंत करतो. ती चुकून बेरजेत शिरली तर एकूण पाऊस उणे येतो आणि आपण दचकतो. रिकामा ॲरे आला तर काय, हेही ठरवावं. बेरीज शून्य सांगणं योग्य आहे. सरासरी, मध्यक आणि सर्वाधिकाचा दिवस यांना मात्र उत्तरच नाही, तिथे काहीतरी आकडा रेटून देण्यापेक्षा अपवाद फेकून थांबणं बरं.

आता सराव थोडा वाढवू. एका जागेचा पाऊस शहराचा पाऊस सांगत नाही. २७ जुलै २००५ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरात कुलाब्याला सुमारे ७३. तेव्हा दोन केंद्रं घ्या, प्रत्येकाचे सात आकडे. जावात यासाठी ॲरेंचा ॲरे करतात: बाहेरच्या ॲरेला दोन जागा, प्रत्येक जागी आतल्या सात आकड्यांच्या ॲरेचा संदर्भ. आपल्या पाचही मेथड एका केंद्राचा ॲरे घेतात, त्यामुळे त्यांत एक अक्षरही बदलावं लागत नाही. बाहेरच्या लूपमधून एकेक केंद्र त्यांच्या हाती द्यायचं.

नवी मेथड एकच लिहा: दोन्ही केंद्रांचे मध्यक काढून ज्याचा मोठा त्या केंद्राचा इंडेक्स परत देणारी. समजा, ती लिहिणाऱ्याला आपली शिकवण आठवली आणि त्यानं आधी बाहेरच्या ॲरेचा क्लोन घेतला, मग त्यातली आतली दोन्ही केंद्रं ‘सॉर्ट’कडे दिली. सर्वाधिक पावसाचा दिवस विचारा, दोन्हीकडे पुन्हा रविवार येईल. क्लोननं बाहेरच्या दोन जागांची प्रत केली, आणि त्या जागांत संदर्भच होते. आतले सात-सात आकडे एकाच ठिकाणी राहिले. प्रत्येक केंद्राचा क्लोन वेगळा घ्यावा लागेल. किंवा त्याहून चांगलं, आधी दुरुस्त केलेली ‘मध्यक’ मेथडच दोनदा बोलवावी, तिच्या पोटात प्रत घ्यायची ओळ आहेच.